ओळख, पत आणि जामीन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारिणीने मला दिली, तेव्हा पानिपत किंवा महादजी शिंदे असा एखादा तेजस्वी विषय आपणांपैकी अनेकांनी अपेक्षिला असेल. दिल्ली आणि मराठी माणूस म्हटले की मनात प्रथम तेच येते. मी मात्र आज अगदी घरगुती विषय घेऊन आपणांसमोर उभा आहे. परगावी आलेल्या माणसाला भाड्याचे घर कशाच्या बळावर मिळते, आणि हल्ली ज्याला सर्रास ‘सिबिल’ म्हणतात त्या आकड्याचा घर मिळण्याशी संबंध काय, हा तो विषय. माझे सारे आयुष्य बँकेच्या कर्जविभागात गेले, त्यामुळे पत या शब्दाशी माझा परिचय जुना आहे. परंतु विषय निवडण्याचे कारण एवढेच नाही. या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि ती या मंडळाच्याच एका कार्यक्रमात घडली आहे. तिची कबुली मी पुढे देणार आहे.

मी १९७४ साली बँकेत रुजू होऊन दिल्लीस आलो. ज्या मार्गावर आज आपण जमलो आहोत, त्याचे मूळचे नाव कर्झन रोड. मी आलो तेव्हा लोकांच्या तोंडी तेच नाव होते, आणि आजही येथील ‘कर्झन रोड अपार्टमेंट्स’ या नावात ते शिल्लक आहे. पहिले काही आठवडे पहाडगंजात एका खोलीत चौघांबरोबर काढले आणि मग रोज संध्याकाळी करोलबागेत घर शोधावयास हिंडू लागलो. घर म्हणजे काय, तर बरसाती. गच्चीवरची एक खोली, शेजारी पत्र्याचे न्हाणीघर आणि उन्हाळ्यात झोपावयास उघडे आकाश. अशा एका बरसातीचे मालक फाळणीनंतर दिल्लीत येऊन स्थिरावलेले पंजाबी गृहस्थ होते. त्यांनी माझी नोकरी विचारली, पगार विचारला, आणि मग म्हणाले, “वह तो ठीक है, लेकिन यहाँ आपको जानता कौन है?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. साडेतेराशे किलोमीटर अंतरावरचे माझे गाव मला ओळखत होते, दिल्ली ओळखत नव्हती.

उत्तर दिले ते याच कर्झन रोडवरील एका कचेरीत काम करणाऱ्या एका वडीलधाऱ्या मराठी गृहस्थांनी. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. मला ते जेमतेम दोन महिने ओळखत होते. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते माझ्यासोबत बसने करोलबागेत आले, मालकांच्या ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर उठताना एवढेच म्हणाले, “लड़का हमारा है.” एकशे वीस रुपये भाड्यावर बरसाती मला मिळाली. करारनामा झाला नाही. पावती मात्र दर महिन्यास मिळत गेली.

पुढे कर्जविभागात काम करू लागल्यावर मी अनेकदा विचार करीत असे, की काकांनी त्या दिवशी मला नेमके काय दिले? ते माझे जामीन राहिले नव्हते. मी भाडे थकविले असते तर ते आपल्या खिशातून भरतील, असे त्यांनी कोठेही म्हटले नव्हते. माझी सांपत्तिक स्थितीही त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी फक्त माझी ओळख दिली. हा माणूस अमुक ठिकाणचा, अमुक लोकांतला. उद्या काही कमीजास्त झाले तर याला कोठे गाठावयाचे ते तुम्हांस ठाऊक असेल. परक्या शहरात मालकाला भीती असते ती बेपत्ता होणाऱ्या माणसाची. ती भीती काकांनी एका चहात दूर केली.

घर भाड्याने देणारा माणूस, मग तो करोलबागेतला असो की न्यूयॉर्कमधला, मनातल्या मनात तीन प्रश्न विचारीत असतो. हा कोण आहे? हा घेतलेला पैसा वेळेवर देतो काय? आणि न दिल्यास याच्या वतीने कोण देईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ओळख, दुसऱ्याचे पत आणि तिसऱ्याचे जामीन. आपल्या बोलण्यात हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळून जातात, व्यवहारात मात्र ते निरनिराळे आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे निष्कारण माणसे दुरावतात, असा माझा अनुभव आहे.

आता दिल्लीचा घरमालक इतका साशंक का, हे समजून घेण्यासाठी थोडे कायद्याकडे वळले पाहिजे. दिल्ली भाडे नियंत्रण कायदा हा १९५८ सालचा. फाळणीनंतर वाढलेल्या या शहरात भाडेकरूंस संरक्षण मिळावे, हा त्याचा हेतू होता. त्यातील कलम ५ अन्वये पागडी घेण्यास मनाई झाली आणि नियंत्रकाच्या परवानगीवाचून एका महिन्यापेक्षा अधिक आगाऊ भाडे मागता येईना. भाड्याची पावती मिळण्याचा भाडेकरूस हक्क मिळाला. कलम १४ मध्ये दिलेल्या कारणांवाचून त्याला घराबाहेर काढता येईना. हेतू चांगला होता, परंतु एकदा घर दिले की ते पुन्हा हाती येईल की नाही, या धास्तीने मालक अधिकच सावध झाले. घर रिकामे ठेवू, पण अनोळखी माणसाला देणार नाही, ही वृत्ती त्या काळी आम्ही जागोजागी पाहिली.

१९८८ सालच्या दुरुस्तीने महिना साडेतीन हजार रुपयांवरील भाड्याची घरे या कायद्यातून वगळण्यात आली. १९९५ साली संसदेने दिल्लीसाठी नवा भाडेकायदा संमत केला, परंतु तो कधी अंमलात आलाच नाही. साडेतीन हजारांच्या आत आज दिल्लीत घर कोठले मिळावयास? तेव्हा आज आपली मुले जी घरे भाड्याने घेतात, ती बहुतेक सारी त्या जुन्या संरक्षणाच्या बाहेर आहेत. तेथे चालतो तो करारनामा. आणि तो अकरा महिन्यांचा का, तर १९०८ सालच्या नोंदणी कायद्यान्वये एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळण्यासाठी. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या तरुणांना याचे नवल वाटते, कारण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याप्रमाणे भाड्याचा वा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी करून नोंदविणे आवश्यक आहे. यमुना ओलांडून नोएडास गेलात की कायदा पुन्हा निराळा. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. केंद्र सरकारने त्याच वर्षी राज्यांपुढे ठेवलेल्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमध्येही राहत्या घरासाठी मर्यादा दोन महिन्यांचीच आहे, परंतु राज्याने तो स्वीकारल्यावाचून तो लागू होत नाही.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचा अर्ज मालक भरून घेतो, तोही आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तो देण्यास हरकत घेऊ नये. मात्र तो ओळखीच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देतो. हा माणूस कागदोपत्री कोण आहे, एवढे त्यातून कळते. तो कसा आहे, हे कळत नाही.

आता पतीकडे वळू. मी बँकेत लागलो तेव्हा एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाची पत पाहावयाची असेल, तर आम्ही त्याच्या जुन्या बँकेला पत्र लिहून गोपनीय अभिप्राय मागवीत असू. चार सावध वाक्यांचे उत्तर येई, आणि त्यातील कोणता शब्द गाळला आहे यावरून आम्ही अर्थ लावीत असू. २००० साली ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो’ म्हणजेच सिबिल ही संस्था स्थापन झाली. २००५ साली अशा संस्थांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज रिझर्व्ह बँकेची अनुमती असलेल्या अशा चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. परंतु कोणत्याही वनस्पती तुपाला जसे डालडा म्हणत, तसे साऱ्या पतनोंदीलाच आपण सिबिल म्हणू लागलो आहोत. आपण घेतलेली कर्जे, क्रेडिट कार्डे, त्यांचे हप्ते वेळेवर गेले की उशिरा, हे बँका या कंपन्यांस कळवितात आणि त्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा तयार होतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपल्या देशात घरमालकाला परस्पर आपली ही नोंद मागविता येत नाही. ती मिळण्याचा अधिकार कायद्याने ठरवून दिलेल्यांना आहे, मुख्यत्वे कर्ज देणाऱ्या संस्थांना. त्यांत घरमालक नाही. मात्र आपली स्वतःची नोंद आपणांस मिळते, आणि म्हणून हल्ली काही मालक आणि दलाल भाडेकरूलाच सांगतात, की तुझा अहवाल काढून दाखव. दाखवावा की नाही, हे ठरविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. दाखवावयाचाच झाला, तर तो संपूर्ण अहवाल मोबाइलवरून धाडून देऊ नये. त्यात आपला पॅन क्रमांक, जन्मतारीख, सारे जुने पत्ते आणि खात्यांचा तपशील असतो. समोर बसून आकडा दाखवावा, फार तर पगाराची पावती द्यावी. आधारची प्रत मागितली तर ज्यात केवळ शेवटचे चार अंक दिसतात अशी प्रत मिळते, ती द्यावी, आणि प्रत्येक प्रतीवर ‘घरभाडे करारासाठी’ असे लिहून तारीख घालावी. दुसऱ्याच्या कागदांवर कर्ज काढणारे महाभाग या जगात आहेत, आणि त्यांचे हप्ते आपल्या नोंदीत थकतात.

दुसरी गोष्ट अशी, की हा आकडा घरमालकाच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. सामान्यतः त्या अहवालात घरभाड्याची नोंदच नसते. वीस वर्षे एकाही महिन्याची चूक न करता भाडे भरणारा मनुष्य त्या वहीत कोठेही दिसत नाही. आणि आपल्या मराठी मध्यमवर्गाची तर निराळीच गंमत आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्याने ते तंतोतंत पाळले, त्याच्या नावापुढे ही यंत्रणा म्हणते: इतिहास नाही. कधी उसने न घेणे हा आपल्या आईवडिलांच्या दृष्टीने सद्गुण होता, नव्या हिशेबात ती कोरी पाटी आहे. अर्थात, कोरी पाटी म्हणजे वाईट पाटी नव्हे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेनेही बँकांना बजावले आहे. बँकांनी जे करू नये ते घरमालकाने का करावे?

तिसरी गोष्ट उलट बाजूची. पतीचा परिणाम भाड्याच्या घरावर होतो असे आपण म्हणतो, परंतु भाड्याच्या घराचाही पतीवर परिणाम होतो. जो दर अकरा महिन्यांनी घर बदलतो, त्याची पत्रे जुन्या पत्त्यावर जातात. कार्डाचे तीन-चारशे रुपयांचे बिल राहून जाते, त्यावर दंड चढतो, आणि वर्षभराने बँकेत गेल्यावर कळते की नावापुढे थकबाकीची खूण उमटली आहे. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत माझ्यासमोर आलेल्या अशा तरुणांत लबाड थोडे होते, सारखी बिऱ्हाडे हलविणारे पुष्कळ होते. म्हणून घर बदलले की दुधाच्या आधी बँकेला पत्ता कळवावा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवून वाचावा. आपलाच अहवाल आपण पाहिल्याने आकडा घटत नाही. चूक आढळली तर तक्रार करावी. तीस दिवसांत तिचे निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद २०२४ पासून आहे. आणि कोणाच्या बँकेच्या कर्जास आपण जामीन राहिला असाल, तर त्याची थकबाकी आपल्याही वहीत दिसते, हे विसरू नये. तिसरा प्रश्न, जामिनाचा, हा असा जड आहे.

बंधुभगिनींनो, ज्या मार्गावर आपण बसलो आहोत, त्याचे मला एक वैशिष्ट्य वाटते. मराठी माणसाच्या हक्काचे नवे महाराष्ट्र सदन २०१३ साली याच मार्गावर उभे राहिले. आणि आपल्या मुलानातवंडांना परदेशी नेणारी तीन दारेही येथेच आहेत: अमेरिकन सेंटर, ब्रिटिश कौन्सिल आणि मॅक्स म्युलर भवन. आपण एकदा परगावी आलो. पुढची पिढी या दारांतून आणखी दूर जात आहे, आणि तेथे तिला आपल्यासारखाच, किंबहुना अधिक कडक प्रश्न विचारला जातो.

अमेरिकेत १९७० साली पतनोंदींविषयी कायदा झाला. तेथे घरमालकाला भाडेकरूची नोंद पाहण्याचा कायदेशीर मार्ग आहे. तेथील प्रचलित आकडा ३०० ते ८५० यांमधला, आणि येथे बँकेत कमावलेली पत सहसा तिकडे सोबत जात नाही. मोठी पदवी आणि नोकरीचे पत्र खिशात असूनही आपला मुलगा तेथे पहिल्या दिवशी इतिहास नसलेला मनुष्य असतो. मग जास्त अनामत मागतात, किंवा सहस्वाक्षरी करणारा कोणी आहे का, असे विचारतात. तेथील कायद्याचा चांगला भाग असा, की अहवाल पाहून घर नाकारले तर तो कोणत्या संस्थेचा ते मालकाने कळवावे लागते, आणि साठ दिवसांच्या आत मागितल्यास त्याची प्रत विनामूल्य मिळते. आपल्या मुलांनी हा हक्क वापरावा. इंग्लंडमध्येही भाडेकरूची पत तपासतात, परंतु २०१९ पासून त्या तपासणीचा खर्च भाडेकरूकडून घेता येत नाही, आणि वार्षिक भाडे पन्नास हजार पौंडांहून कमी असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही.

जर्मनीत ‘शुफा’ नावाची नोंद मागण्याची रीत आहे. तिची सुरुवात १९२७ साली बर्लिनमध्ये झाली. वीजकंपनी गिऱ्हाइकांना विजेची उपकरणे हप्त्याने देत असे, आणि जो विजेचे बिल वेळेवर भरतो तो हप्तेही भरील, हा साधा तर्क त्यामागे होता. तेथे अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूस हक्क आहे. आज जर्मन शिकणाऱ्या मुलांना क्रियापदांबरोबर एवढेही कोणी शिकविले, तर त्यांचे पहिले सहा महिने सुखाचे जातील.

आता ज्या कबुलीचा मी आरंभी उल्लेख केला, तिच्याकडे येतो.

२०१२ साली गणेशोत्सवात, आरती आटोपल्यावर, एक तरुण मला भेटला. लातूर जिल्ह्यातला, नोएडातील एका लहानशा कारखान्यात नोकरीला. लाजपतनगरात एक खोली त्याने पाहिली होती, मालक म्हणत होते की दिल्लीतल्या एखाद्या माणसाचे नाव द्या. मंडळातील कोणीतरी त्याला माझ्याकडे धाडले होते. मी बँकेतून निवृत्त झालो होतो, पण बँक माझ्यातून निवृत्त झाली नव्हती. मी त्याला उभ्याउभ्याच विचारले, “तुमची काही कर्जे आहेत का? हप्ते थकले आहेत का?” त्याने प्रामाणिकपणे सांगितले, की शिक्षणकर्ज आहे, मधे सात महिने नोकरी नव्हती तेव्हा तीन हप्ते थकले, आता भरीत आहे. मी म्हणालो, “मग मला सही करता यायची नाही. इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो.”

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “काका, सही नको होती. मालकांशी एकदा फोनवर बोला, एवढंच म्हणत होतो.”

मी काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात प्रसादाच्या रांगेतून मला कोणीतरी हाक मारली आणि मी गेलो. परत पाहिले तेव्हा तो तेथे नव्हता. पुढे कोणाकडून तरी कळले, की ती खोली त्याला मिळाली नाही आणि तो कोठल्याशा पी.जी.मध्ये खाटेवर राहतो आहे. आपल्या मंडळात तो पुन्हा आला नाही. आज तो कोठे आहे, मला ठाऊक नाही.

त्याने माझ्याकडे ओळख मागितली होती. मी त्याची पत तपासली आणि जामीन नाकारला. जे त्याने मागितलेच नव्हते, ते न देण्याचा शहाणपणा मी दाखविला. आणि जे मागितले होते, ज्याला एक पैसाही लागत नव्हता, ते दिले नाही. ज्या माणसाला १९७४ साली दोन महिन्यांच्या परिचयावर कोणीतरी “लड़का हमारा है” म्हणाले होते, त्याच माणसाने हे केले.

मला ते खऱ्या अर्थाने उमगले ते अकरा वर्षांनी. माझी नात २०२३ साली शिकावयास जर्मनीत गेली. शुफाची नोंद तिच्यापाशी कोठून असणार? चार घरे हातची गेली. पाचव्या घराच्या वेळी तेथील एक मराठी दांपत्य तिच्यासोबत घर पाहावयास गेले. मी फोनवर घाबरून विचारले, “अगं, त्यांनी कशावर सही केली?” ती म्हणाली, “आजोबा, सही कसली? ते नुसते सोबत आले. मालकीणबाईंना म्हणाले, आम्ही चार गल्ल्या सोडून राहतो, हिचं काही लागलं तर आम्हांला सांगा.” घर मिळाले. फोन ठेवल्यावर मला प्रथम तो लातूरकडचा तरुण आठवला.

म्हणून आज मी या मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो.

पहिली अशी, की मंडळाने एक ओळख-वही सुरू करावी. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद, जेथे जेथे आपले सभासद आहेत, तेथील जे कोणी तयार असतील त्यांची नावे तीत असावीत. नवा आलेला मुलगा वा मुलगी त्यांना भेटेल, नोकरीचे वा प्रवेशाचे पत्र दाखवील, आणि ते मालकाशी बोलतील किंवा सोबत जातील. हे जामीन नव्हे, असे मालकाला आणि मुलालाही प्रथमच स्पष्ट सांगावे. मुलगा खोटे बोलला असे आढळले, तर तेही लपवू नये. ओळखीला किंमत असते ती ती खरी असते म्हणून.

दुसरी विनंती तरुणांना. भाडे रोखीने न देता बँकेतून द्यावे आणि पावती जपावी. एक घर सोडताना जुन्या मालकाकडून दोन ओळींचे पत्र मागून घ्यावे, की यांनी इतके महिने भाडे वेळेवर दिले आणि घर नीट ठेवले. कोणत्याही कंपनीच्या वहीत नसलेली आपली खरी भाडेकरूपणाची पत ती हीच.

तिसरी विनंती माझ्या वयाच्या मंडळींना आहे, आणि ती करताना मला थोडा संकोच वाटतो. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकजण एके काळी बरसातीत राहिले. आज त्यांतील अनेकांची द्वारकेत, नोएडात, गुरुग्रामात स्वतःची घरे आहेत, आणि ती भाड्याने दिलेली आहेत. आपल्या दारात जेव्हा एखादा परगावचा तरुण येतो, मग तो मराठी असो, मणिपुरी असो की मल्याळी, तेव्हा आपण त्याला काय विचारतो? करार करावा, अनामत रीतसर घ्यावी, पोलिसांचा अर्ज भरावा, यात गैर काही नाही. मालकाचेही घर कष्टाचेच असते. परंतु एका आकड्यावरून त्याला परत पाठविण्यापूर्वी, हप्ते थकले ते का थकले, एवढे तरी विचारावे. मी ते विचारले नव्हते. उत्तर मात्र त्याने न विचारता दिले होते, आणि ते मी ऐकले नाही.

पन्नास वर्षांत या मंडळाने गणपती बसविले, नाटके केली, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम केले. ते सारे चालू राहो. पण त्याबरोबरच, या शहरात रेल्वेतून उतरणाऱ्या मुलाला कोणी विचारले की यहाँ आपको जानता कौन है, तर त्याला उत्तर देता यावे, एवढी व्यवस्था एक्कावन्नाव्या वर्षात आपण करू या. ओळख-वहीच्या पहिल्या पानावर माझे नाव आणि दूरध्वनी क्रमांक मी आजच लिहून देत आहे. आणि तो लातूरकडचा तरुण, जो आता चाळिशीला आला असेल, त्याच्या कानी माझे हे शब्द गेले, तर त्याने एकदा या वृद्धाला अवश्य भेटावे.